कुररीच्या पोटातल्या रेघा

बोटीचं नाव बदलता येतं. रंग, शिडं, गाद्या, सगळं बदलता येतं. बदलत नाही तो फक्त मागच्या बाजूला उजव्या कोपऱ्यात साच्यातच उमटवलेला क्रमांक. वेंगुर्ल्याच्या बंदरात लोखंडी घोड्यांवर चढवलेल्या त्या शिडाच्या बोटीपाशी मेघश्याम तारी टाचा उंचावून उभा राहिला आणि त्या कोपऱ्यावरचं सुकलेलं मीठ अंगठ्याने खरवडू लागला. बोटीच्या अंगावर निळ्या अक्षरांत ‘शुभदा’ असं लिहिलेलं होतं. मिठाखालून एकेक आकडा वर आला. शेवटचे चार त्याला पाठ होते.

ही ‘कुररी’च होती. सहा वर्षांपूर्वी ती उलटली तेव्हा सुकाणू त्याच्या हातात होतं.

‘नीलवाट’ कंपनीचा विक्री अधिकारी प्रणील राजाध्यक्ष शेजारीच उभा राहून माहिती देत होता. तो दीड वर्षापूर्वी पुण्याहून आलेला, त्यामुळे तारी हे नाव ऐकून त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नव्हतं. पर्यटकांना आठवडाभर भाड्याने दिलेली बोट दहा वर्षांनी ताफ्यातून काढायचीच, असा कंपनीचा नियम आहे, असं त्याने सांगितलं. एकाच साच्यातल्या नऊ बोटी होत्या, आठ गेल्या. कुणी रत्नागिरीच्या डॉक्टरांनी घेतली, कुणी निवृत्त नवरा-बायकोने घेतली, एक जोडपं तर लहान मुलीला घेऊन बोटीवरच राहतं. ही शेवटची.

मेघश्यामने बोट रीतसर तपासली. शिडाचं कापड बोटांत चुरून पाहिलं. उन्हाने त्याचा जीव गेला होता. डोलकाठीच्या तारा, सुकाणूची दोरी, इंजिनाचे तास, सगळं पाहिलं. भाड्याच्या बोटीला दर आठवड्याला नवे हात लागतात आणि त्यातल्या एकालाही ती आपली वाटत नाही. ते तिच्या अंगावर दिसतंच. शेवटी खाली उतरून त्याने केबिनची फळी उचलली. बोटीच्या पोटाखाली जो शिशाचा जड पंख असतो, ज्याला कील म्हणतात, तो जिथे नऊ बोल्टांनी तळाला आवळलेला असतो, ती जागा त्याने बराच वेळ पाहिली. बोल्ट नवे होते.

“कील बदललेली आहे,” तो म्हणाला.

जुनी काहीतरी दुरुस्ती असेल, आपल्या फायलीत नाही, असं प्रणीलने सांगितलं. तो खोटं बोलत नव्हता. त्याला ठाऊकच नव्हतं.

करारात एक कलम होतं. बोटीच्या यंत्रात साठलेल्या जुन्या प्रवासांच्या नोंदी कंपनी पुसून देईल आणि खरेदीदाराचा त्यांवर हक्क राहणार नाही. मेघश्यामने ते मान्य केलं. त्याने एवढंच मागितलं की दर आठवड्याला कचेरीत जमा होणारी, हाताने लिहिलेली रोजवही बोटीबरोबर मिळावी. कायद्याने ती द्यावीच लागत होती. प्रणीलने ती एका पिशवीत घालून दिली.

बोट नवरा-बायको दोघांच्या नावावर घ्यायची असल्यामुळे सहीसाठी रेणुका मालवणहून आली. उलटलेल्या बोटीत जो गेला तो दामोदर खोबरेकर तिचा धाकटा भाऊ. सही करण्याआधी तिने पेन हातातच धरलं आणि नवऱ्याला विचारलं,

“खरां कळला आणि ता आपल्याक नको असला, तर?”

“तरी माका होया,” तो म्हणाला.

तिने सही केली.

---

त्या दिवशी झालं होतं ते असं. पाहुण्यांना वेंगुर्ल्याला उतरवून मेघश्याम आणि दामू, दोघेच खलाशी, रिकामी ‘कुररी’ मालवणला परत नेत होते. निवतीच्या दीपगृहाच्या बाहेरून जाताना वारा चांगला होता, समुद्र मध्यम. तळातून अधूनमधून बारीक करकर येत होती, तशी ती शिडाच्या बोटीतून येतेच. दामू म्हणाला, चाय ठेवतंय, आणि खाली गेला. थोड्या वेळाने बोटीखालून काहीतरी सुटल्यासारखा आवाज आला आणि डोळ्याचं पातं लवण्याआधी बोट पालथी झाली. कील तुटून तळाला गेली होती. मेघश्याम बाहेर फेकला गेला आणि उलट्या बोटीला धरून तीन तास तरंगत राहिला. पोटातून कुणी ठोकतंय का, हे तो कान लावून ऐकत होता. पहिला काही वेळ त्याला ठोकल्यासारखं वाटलं. नंतर नाही.

चौकशीत बोटीच्या तळाला खडक लागल्याची खूण सापडली. खूण आहे म्हणजे धक्का बसला. सुकाणू तारींच्या हातात होतं, म्हणजे धक्का त्यांनी दिला. त्यांनी कितीही सांगितलं की आपल्याला धक्का जाणवलाच नाही, तरी कोण ऐकणार? बोटीच्या नोंदींची पेटी खाऱ्या पाण्याने निकामी झाल्याचं कंपनीने कळवलं. मेघश्यामचा परवाना गेला. तेव्हापासून तो मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करत होता.

परवान्याचं दुःख त्याने गिळलं असतं. दामूची आई, सत्यभामा खोबरेकर, तिने मात्र जावयाला त्या दिवसानंतर घरात घेतलं नाही. शिव्या दिल्या नाहीत, दोष दिला नाही. तो दारात आला की ती उठून मागच्या खोलीत जायची. सणासुदीला रेणुका एकटीच माहेरी जाऊ लागली. घरात दोघं नवरा-बायको नीट बोलत, जेवत, झोपत. फक्त दामूचं नाव कुणी काढत नसे. रेणुकाने नवऱ्याला कधी विचारलं नाही की तुमचा डोळा चुकला होता का. तिने विचारावं, असं त्याला सहा वर्षं वाटत आलं होतं.

मग गेल्या वर्षी त्याने डॉ. इमेल्डा परेरांचं व्याख्यान ऐकलं.

---

डॉ. परेरा गोव्यातल्या एका प्रयोगशाळेत काचेच्या तंतूंवर काम करत होत्या. साठीच्या आसपासच्या, कमी बोलणाऱ्या बाई. बोट त्यांच्या शेडमध्ये आणल्यावर त्यांनी मेघश्यामला आणि रेणुकाला सगळं पुन्हा एकदा समजावलं.

हल्लीच्या बोटी बनवताना कापडाच्या आणि राळेच्या थरांमध्ये केसाएवढे काचेचे तंतू घालतात. त्यांतून प्रकाश सोडायचा. बोट कुठे ताणली की तंतूही ताणतो आणि परत येणारा प्रकाश किंचित बदलतो. त्यावरून बोटीवर किती जोर पडतोय हे चालकाला कळतं. ते सगळं पेटीत साठतं, आणि पेटी गेली की गेलं, असंच सगळे समजत होते.

“आम्हाला जे सापडलं ते वेगळं आहे,” त्या म्हणाल्या. “पेटी विसरते, काच विसरत नाही.”

तंतूवर एक पातळ वेष्टण असतं. ते दिवसा उन्हाने फुगतं, रात्री आकसतं आणि दर दिवसाची एक सूक्ष्म रेघ काचेत सोडतं. झाडाच्या खोडात वर्षाचं वलय पडतं, तसं. आणि बोटीला जोराचा ताण बसला, तर त्याचा कायमचा ओरखडा त्या दिवसाच्या रेघेशेजारी राहतो. विशिष्ट रंगाच्या प्रकाशाखाली हे आता वाचता येत होतं. रेघा मोजल्या की दिवस कळतो. दिवसातली नेमकी वेळ मात्र कळत नाही. कशानंतर काय झालं, तो क्रम तेवढा कळतो. वाचनाला मालकाची लेखी संमती लागते. म्हणूनच मेघश्यामला मालक व्हायचं होतं.

काम एकवीस दिवस चाललं. मेघश्याम जवळच एका खोलीत राहिला. रोज सकाळी तो शेडमध्ये यायचा, बोटीला हात लावायचा आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून राहायचा. बाविसाव्या दिवशी डॉक्टरांनी रेणुकालाही बोलावून घेतलं आणि दोघांसमोर पडद्यावर रेघा उघडल्या. राखाडी पट्ट्यावर हजारो उभ्या रेघा होत्या. एका ठिकाणी ठळक काळा डाग होता.

“हा खडकाचा धक्का. तुमच्या अपघाताच्या दिवसाचा नाही,” त्या म्हणाल्या. “एकोणीस दिवस आधीचा आहे.”

मेघश्यामने डोळे मिटले. त्याला वाटलं होतं, हे ऐकलं की आपण रडू. रडू आलं नाही. रेणुकाने त्याच्या मनगटावर हात ठेवला. सहा वर्षांनी प्रथमच त्या हातात काही विचारायचं राहिलं नव्हतं.

मग तिनेच पिशवीतली रोजवही काढली आणि एकोणीस दिवस मागे पानं उलटली. त्या दिवशी पाहुणे सहा, वारा वायव्येचा, मार्ग मालवण ते निवती आणि परत. घटना या रकान्यात लिहिलं होतं, ‘सर्व ठीक’. खाली चालक म्हणून सही होती. रेणुकाने ती सही शाळेच्या प्रगतिपुस्तकापासून पाहिलेली होती. दामोदर स. खोबरेकर.

तिने वही उघडीच मेघश्यामपुढे सरकवली.

“तो धक्का मोठा नव्हता,” डॉ. परेरा म्हणाल्या. “नीट बांधलेल्या बोटीने तो सहन केला असता. पण कीलच्या बोल्टांखालचा थर आराखड्यात दाखवलाय त्याच्या जेमतेम निम्मा आहे. धक्का बसण्याच्या आधीपासूनच, अगदी पहिल्या वर्षापासून, इथे नको इतका ताण दिसतोय. हा साच्यातला दोष आहे. या साच्यातल्या बाकीच्या आठ बोटी कुठे आहेत?”

मेघश्यामला बोटीवर राहणारं ते जोडपं आठवलं, लहान मुलीसकट.

“अजून एक आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “पाहायचं की नाही, तुम्ही ठरवा.”

रेणुकाने होकाराची मान हलवली.

अपघाताच्या दिवसाची रेघ अर्धवटच होती. ती पुरी पडायच्या आत बोट पाण्यात उलटी झाली होती. त्या रेघेच्या अलीकडे बारीक ओरखड्यांची एक रांग दिसत होती. आधी केबिनच्या तळावर, अगदी बोल्टांपाशी, एका माणसाचं वजन दोन ठिकाणी टेकलेलं. गुडघे असावेत, असं त्या म्हणाल्या. त्यानंतर चौथ्या बोल्टाच्या बैठकीवर एकामागून एक झटके. मग पाचव्याच्या. पाना लावून बोल्ट आवळला की असेच झटके उमटतात. एकूण अकरा. सहाव्या बोल्टावर एकच, आणि पुढे काही नाही.

दामू चहा करायला गेला नव्हता. खालून येणारा आवाज कशाचा, हे त्या बोटीवर फक्त त्यालाच ठाऊक होतं.

मेघश्याम उठून शेडबाहेर गेला. बाहेर भर दुपारचं ऊन होतं. सहा वर्षं तो ज्या ठोकण्याचा विचार करत आला होता ते उलटल्यानंतरचं होतं. त्याआधी बोट सरळ असताना, आपण वर वाऱ्याकडे बघत शीळ घालत असताना, पायाखाली हात-दीड हातावर दामू गुडघे टेकून पाना फिरवत होता. त्याने हाक का मारली नाही? हाक मारली असती, शीड उतरवून बोट सावकाश नेली असती, तर दोघंही आज असते. पण हाक मारायची म्हणजे एकोणीस दिवसांपूर्वीचं सांगावं लागलं असतं.

त्याला दामूचा राग आला. मेलेल्या माणसाचा इतका राग येतो, हे त्याला माहीत नव्हतं.

---

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की दोषाचा अहवाल बंदर खात्याला पाठवायचा तर संपूर्ण पट्टाच पाठवावा लागेल. एक तुकडा लपवला की बाकीच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. आठ बोटींवर माणसं होती. तेव्हा पाठवायचं की नाही, हा प्रश्नच नव्हता. परतीच्या वाटेवर मेघश्यामने एकदा म्हणून पाहिलं की आयेची ऐंशीची उमर, तिला कळू न देता होईल का. रेणुका म्हणाली, दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा आपण सांगू. आणि तुम्हीच सांगायचं, मी नाही.

सत्यभामा अंगणात सुकट वाळत घालत होती. जावई फाटकातून आत आलेला पाहून ती सवयीने उठली, पण रेणुकाने तिचा दंड धरला. मेघश्याम अंगणातच उभा राहिला. त्याने घाई न करता सगळं सांगितलं. काचेच्या रेघा, एकोणीस दिवस, सही, बोटीचा पातळ तळ, आणि ते अकरा झटके. दामूने शेवटी पळायचं सोडून बोट वाचवायला पाहिलं, हे त्याने दोनदा सांगितलं. म्हातारीच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

“माका ठावक होता,” ती म्हणाली.

मेघश्यामला वाटलं, तिला नीट ऐकू आलं नसावं.

“खडकाचा माका ठावक होता,” ती पुन्हा म्हणाली. “त्या दिवशी घराक इलो तो जेवलो नाय. बोट खडकार घातलंय म्हणालो. उद्या हापिसात जावन सांगतंय म्हणालो. मीच म्हटलंय, बोट चलता मां? मगे गप रव. म्हयन्याभरात तुझो नोकरेचो कायमचो कागद येतलो, मगे सांग.” ती थांबली. “तो आयकणारो झिल होतो.”

रेणुका आईचा दंड सोडून मागे सरकली.

“सहा वर्सां?” मेघश्याम म्हणाला. “सहा वर्सां माका खुनी म्हणतत लोक. तुमी एक शब्द बोललास असतास तर…”

“तर झिलाचां नाव गेला असता. जीव आदीच गेल्लो.” ती खाली बसली. “तुमका दारात बघलंय की माका माझाच बोलणा ऐकाक येय. म्हणान उठान जाय मी. तुमच्यार राग नव्हतो, जावय. कदीच नव्हतो.”

मेघश्याम फाटकाबाहेर पडला. किनाऱ्यावरून चालत तो थेट मालवणच्या राजकोट किल्ल्यापर्यंत गेला आणि तिथल्या खडकांवर बसला. क्षमा करावी, असं त्याला वाटलं नाही. बदला घ्यावा, असंही वाटलं नाही. एका ओळीच्या सल्ल्यावर तीन माणसांची आयुष्यं कशी उभी राहिली होती, तेवढंच त्याला पुन्हा पुन्हा दिसत राहिलं. कुठल्याही आईने हेच सांगितलं असतं. त्याच्या आईनेही.

तो परतला तेव्हा उन्हं कलली होती आणि सत्यभामा होती तिथेच बसलेली होती. तिने त्याच्याकडे एकच मागणं मागितलं. कागदावर दामूचं नाव जाईल तर त्याच्याखाली तिचंही जावं.

---

अहवाल गेला त्याच आठवड्यात आठही बोटी पाण्याबाहेर काढायचा हुकूम निघाला. तिघींच्या तळाला भेगा सापडल्या. त्यातली एक त्या जोडप्याची होती; ते पुढच्या पंधरवड्यात लक्षद्वीपला निघणार होते. पोरीच्या बापाने मेघश्यामला फोन केला आणि फोन पोरीच्या हातात दिला. ‘नीलवाट’वर खटला उभा राहिला. पातळ थराला कुणी मंजुरी दिली, हे शोधताना कंपनीतले लोक एकमेकांकडे बोट दाखवू लागले, आणि ते प्रकरण वर्षानुवर्षं चालणार, हे सगळ्यांना दिसत होतं. मेघश्यामचा परवाना मात्र टपालाने परत आला. तो त्याने पेटीत ठेवला.

फेरचौकशीत सत्यभामा स्वतः जाऊन उभी राहिली. अधिकाऱ्यांनी खुर्ची दिली, ती बसली नाही. पाच-सहा वाक्यांत तिने जे सांगायचं ते सांगितलं. जबाबावर अंगठा चालेल, असं कारकून म्हणाला, तेव्हा तिने पेन मागून घेतलं आणि सावकाश सही केली.

पुरावा म्हणून बोटीचा तळ लागणार होता. बोल्टांच्या भोवतालचा हात-दीड हाताचा चौकोन कापून न्यायचा आणि तो खटला संपेपर्यंत जपून ठेवायचा, असा आदेश होता. तळ कापला की बोट पुन्हा पाण्यात जाणार नव्हती. मालकांची संमती हवी होती. मेघश्यामने आणि रेणुकाने ती दिली.

कापायच्या दिवशी सत्यभामा त्यांच्याबरोबर गोव्याला आली. शेडमध्ये बोट कलती करून ठेवली होती. केबिनमध्ये शिरायला चार पायऱ्या होत्या. मेघश्याम आधी उतरला आणि त्याने वर हात केला. तिने क्षणभर त्या हाताकडे पाहिलं, मग तो घट्ट धरून ती खाली आली.

फळी उचललेली होती. बोल्टांच्या नऊ जागांना डॉ. परेरांनी खडूने आकडे घातले होते.

“खय?” तिने विचारलं.

मेघश्यामने चौथा दाखवला, पाचवा दाखवला. सहाव्यापाशी त्याचं बोट थांबलं. म्हातारी कण्हत खाली बसली, गुडघे टेकले आणि त्या थंड, राखाडी तळावर तळहात ठेवला. आपल्या झिलाचे गुडघे जिथे टेकले होते तिथेच आपण बसलो आहोत, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मेघश्यामला ते दिसत होतं. करवतवाला दारात येऊन थांबला. रेणुकाने त्याला हाताने थोपवलं.

मग सत्यभामाने हात उचलला, पदराने ती जागा पुसली आणि जावयाचा आधार घेऊन उभी राहिली.

“कापा,” ती म्हणाली.